वाट आणि ताट : अल्पमुदतीच्या सहलीत निसर्ग पदभ्रमण व स्थानिक आहार यांची सांगड
(अकोले तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
दोन दिवसांची जोडसुटी मिळाली की शहरातील माणूस डोंगराकडे वळतो. महाविद्यालयांच्या अभ्यास सहलीही बहुधा याच दोन दिवसांत बसविल्या जातात. अशा सहलीत काय पाहायचे याचा विचार बारकाईने केला जातो. काय खायचे याचा मात्र क्वचितच होतो. शिधा शहरातून नेला जातो किंवा गडाच्या पायथ्याशी मिळणाऱ्या झटपट नूडल्सवर भागविले जाते. परिणामी ज्या शेतांच्या बांधावरून वाट जाते, त्या शेतात पिकणाऱ्या धान्याची चवही न घेता मंडळी परत येतात. चालणे आणि जेवण हे सहलीचे वेगवेगळे भाग नसून एकाच भूगोलाची दोन रूपे आहेत, हे अकोले तालुक्याच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा अकोले तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर), हरिश्चंद्रगड व त्याचा कोकणकडा, रतनगड आणि त्याच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी ही या भागाची ओळख होय. प्रवरेवरील भंडारदरा येथील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९८६ मध्ये येथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. महादेव कोळी व ठाकर हे येथील प्रमुख आदिवासी समाज आहेत.

घाटमाथ्यावर पाऊस भरपूर पडतो; परंतु उतारावरील माती पातळ असल्याने पाणी टिकत नाही. म्हणून खाचरांत भात आणि वरकस उतारावर नागली, वरई, खुरासणी अशी पिकांची विभागणी झाली आहे. ही विभागणी जेवणातही उतरते. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, हुलग्याचे शेंगोळे, वरईचा भात आणि सणावारी भाताच्या खास स्थानिक वाणांचा भात असा हा आहार आहे. डोंगर चढताना खाचर मागे पडून नागलीचे उतार सुरू होतात, तेव्हा चालणारा मनुष्य या ताटाचा नकाशाच ओलांडत असतो.

ऋतू, वाट आणि ताट :
स्थानिक आहार बाराही महिने सारखा नसतो. त्यामुळे सहलीचा महिना ठरविणे म्हणजे एका अर्थाने ताटातील पदार्थ ठरविणेच होय. मे महिन्यात करवंदे व जांभळे वाटेवरच भेटतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात काजवे दिसतात. पहिल्या पावसाबरोबर शेवळे उगवतात. त्यामागून टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी आणि करटोली या रानभाज्या येतात. दिवाळीच्या आगेमागे भात व नागलीची कापणी होते आणि हिवाळ्यात नव्या धान्याची भाकरी ताटात येते. चालण्यासाठीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखावह असतो.

या धान्यांचे वाण जपण्याचे काम याच तालुक्यात झाले आहे. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे पेटीत जपले जाते हे खरे, पण ते शेतात टिकते ते कोणीतरी त्याचे अन्न खाते म्हणून. पर्यटकाच्या ताटाला महत्त्व येते ते या ठिकाणी.

आहारशास्त्रीय बाजू :
डोंगरातील आहार डोंगरातील श्रमाला पुरेसा आहे का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. ढोबळ गणित मांडून पाहता येईल. ६० किलो वजनाची व्यक्ती ८०० मीटर उंची चढते तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होणारे कार्य सुमारे ४७० किलोज्यूल, म्हणजे ११२ किलोकॅलरी इतके असते. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरल्यास शरीराला त्यासाठी सुमारे ४५० ते ५६० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. १०० ग्रॅम नागलीच्या पिठातून सुमारे ३२० किलोकॅलरी मिळतात. म्हणजेच दोन चांगल्या भाकऱ्या आणि सोबत शेंगोळे अथवा पिठले एवढ्यात चढणीचा हिशेब पूर्ण होतो. शिवाय १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अत्यल्प असते. घामावाटे गेलेले पाणी व मीठ मीठ घातलेल्या ताकातून भरून येते.

नागलीत ग्लूटेन नसल्याने तिचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि भाकरी हातावर किंवा परातीत थापताना कसब लागते. हे कसब पाहणे हाही सहलीचा अभ्यासविषय होऊ शकतो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्यानिमित्ताने वर्गात जे व्याख्यानातून सांगितले गेले, ते चुलीपाशी बसून अर्ध्या तासात समजते.

अर्थकारण आणि श्रम :
शहरातून शिधा घेऊन आलेला गट गावात काय ठेवून जातो? वाहनतळाचे थोडे पैसे आणि कचरा. तोच गट गावातील घरी जेवला तर धान्य, दळण, सरपण आणि श्रम या चारही गोष्टींचे मोल गावातच राहते. पोत्याने विकली जाणारी नागली व्यापाऱ्याच्या भावाने जाते. भाकरी होऊन विकली जाणारी नागली घरच्या भावाने जाते. उतारावरील नागलीची शेती टिकवायची तर हा फरक निर्णायक ठरू शकतो. राज्य शासनाच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणामागेही शेतकऱ्यास पूरक उत्पन्न मिळावे हीच भूमिका आहे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू दुर्लक्षिता येणार नाही. पावसाळी पर्यटकांची गर्दी जुलैत सर्वाधिक असते आणि नेमकी तेव्हाच भाताची आवणी चालू असते. आवणी लांबली तर पीक हातचे जाते. अशा दिवशी चाळीस पाहुण्यांचे जेवण एका घरावर पडले तर घरातील स्त्रीला पहाटे चूल, दिवसभर चिखल आणि रात्री पुन्हा चूल असा तिहेरी भार सोसावा लागतो. जेवणाच्या दरात धान्याची किंमत धरली जाते. पाणी भरण्याचे आणि भाकरी थापण्याचे श्रम बहुधा गृहीतच धरले जातात. म्हणून गट लहान असावा, जेवण दोन-तीन घरांत विभागावे, मोबदला घासाघीस न करता ठरवावा आणि तो शक्यतो रांधणाऱ्या स्त्रीच्या हाती द्यावा. आवणीचे दिवस टाळणे हे सर्वांत उत्तम.

दक्षता :
रानभाज्या स्वतः तोडून खाण्याचा मोह टाळावा. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असल्याने नीट न शिजविल्यास घसा खवखवतो; जाणत्या स्त्रिया काकड किंवा चिंच यांसारखे आंबट घालूनच ती भाजी रांधतात. शिवाय हौसेपोटी ओरबाडलेली भाजी पुढील वर्षी उगवेलच असे नाही. काजव्यांच्या काळात वाहनांचे दिवे व विजेऱ्या त्यांच्या प्रकाशसंकेतांत, पर्यायाने प्रजननात अडथळा आणतात. पावसाळ्यात सांदण दरीत उतरणे आणि कड्याच्या टोकाशी जाणे धोक्याचे आहे. पिण्याचे पाणी उकळलेले असावे, याची विनंती यजमानांना आधीच करावी.

दोन दिवसांचे नियोजन :
पहिल्या दिवशी दुपारी भंडारदऱ्यास पोहोचून जलाशयाच्या कडेने रतनवाडीच्या परिसरात चालावे, तेथील प्राचीन अमृतेश्वर मंदिर पाहावे आणि मुक्कामाच्या गावी नागलीची भाकरी व शेंगोळे असे साधे जेवण घ्यावे. दुसऱ्या दिवशी पहाटे बारी गावातून कळसूबाई चढावे. कठीण टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. निघण्यापूर्वीच माणसांची नेमकी संख्या सांगून जेवण नोंदवावे. म्हणजे रांधणाऱ्यास वेळ मिळतो आणि अन्न वाया जात नाही. उतरल्यावर गरम भाकरी मिळते. विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक पदार्थ नेमून द्यावा आणि त्याचे शेत, हंगाम, दळण व दर यांची नोंद करण्यास सांगावे. भूगोल, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र व मराठी या चारही विभागांना त्या एका वहीतून काम मिळेल.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की पदभ्रमण व स्थानिक आहार यांची सांगड ही केवळ रुचिपालटाची बाब नाही. ज्या डोंगराचे सौंदर्य आपण पाहावयास जातो, तो उतार कोणीतरी कसतो म्हणून तसा दिसतो. कसणाऱ्याचे धान्य ताटात घेतले नाही तर काही वर्षांनी तो उतार पडीक दिसेल. सहल आखताना प्राध्यापकांनी वाटेबरोबर ताटाचाही विचार केला, तर विद्यार्थी शिखराच्या छायाचित्राबरोबर त्या शिखराखाली राहणाऱ्या माणसांच्या कष्टांची ओळखही घेऊन परततील.