गुलाबी हिरा : दुर्मिळता आणि मोल

लंडनमध्ये १९६० साली सदबीज या पेढीच्या लिलावात ३४.६५ कॅरट वजनाचा एक गुलाबी हिरा आला. गोवळकोंड्याच्या मुलखातील हा खडा एके काळी हैदराबादच्या निजामांच्या रत्नभांडारात होता. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या जवाहिऱ्यांनी तो ४६,००० पौंडांना घेतला व पॅरिसच्या आपल्या दुकानात त्याचे रीतसर बारसे केले. समारंभास बडोद्याच्या महाराणी सीतादेवी आपल्या किशोरवयीन पुत्रासह हजर होत्या. पुत्राचे लाडके नाव ‘प्रिन्सी’. तेच हिऱ्यास मिळाले. निजामांचे रत्न गायकवाडांच्या मुलाच्या नावाने ओळखले जावे, आणि तेही पॅरिसमध्ये, हा योग मौजेचा खराच. पुढे २०१३ साली न्यूयॉर्कला याच हिऱ्यास ३ कोटी ९३ लाख डॉलर आले.

एवढे मोल कशाचे? पिवळ्या हिऱ्यास त्याच्यातील नत्रवायूमुळे रंग येतो, निळ्यास बोरॉनमुळे. बहुतेक गुलाबी हिऱ्यांत मात्र असे कोणतेही परके द्रव्य रंगास कारण नसते. भूगर्भात प्रचंड दाबाखाली हिऱ्याच्या स्फटिकाची घडी किंचित वाकते, कार्बनचे अणू आपल्या जागेवरून सरकतात आणि प्रकाशातील हिरवट भाग तेथे शोषला जातो. उरलेला प्रकाश गुलाबी दिसतो. हा पीळ थोडा जास्त झाला की तोच हिरा तपकिरी होतो, आणि तपकिरी हिऱ्यांचा तोटा जगात कधीच नव्हता.

गोवळकोंड्याच्या नावाने प्रसिद्ध असलेले बरेच हिरे प्रत्यक्षात कृष्णाकाठच्या कोल्लूर येथील खाणींतले. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात पाहिलेला ‘ग्रेट टेबल’ हा मोठा गुलाबी हिरा पुढे दिसेनासा झाला. कॅनडाच्या तज्ज्ञांनी १९६५ साली इराणची राजरत्ने तपासली, तेव्हा ‘दर्या-इ-नूर’ आणि ‘नूर-उल-ऐन’ हे त्याच हिऱ्याचे दोन भाग असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कोल्लूरची ती जागा आज पुलिचिंतला धरणाच्या जलाशयात गेली आहे.

अलीकडच्या काळातील गुलाबी हिऱ्यांची खरी खाण म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातील आर्गाइल. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी एक प्राचीन महाखंड दुभंगू लागला, तेव्हा हे हिरे वर आले, असे २०२३ च्या एका संशोधनात म्हटले आहे. १९८३ ते २०२० या काळात या खाणीतून ८६ कोटी कॅरटांहून अधिक कच्चा माल निघाला. त्यातील बहुतांश तपकिरी व बारीक. त्यास पैलू पाडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरतेच्या कारागिरांनी केले. गुलाबी खडे शेकडा एकाहूनही कमी होते, आणि तरीही जगातील गुलाबी हिऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के येथलेच! निवडक पन्नास-साठ खडे दरसाल निविदा मागवून विकले जात. नोव्हेंबर २०२० मध्ये खाण बंद झाली आणि ‘आता भाव चढणारच’ ही हाकाटी सुरू झाली.

या हाकाटीकडे जरा सावधपणे पाहिलेले बरे. सोन्यास रोजचा भाव असतो; गुलाबी हिऱ्यास तसा भाव नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये हाँगकाँगला ११.१५ कॅरटांचा एक हिरा सुमारे ५ कोटी ७७ लाख डॉलरांना गेला, म्हणजे कॅरटी ५१ लाखांहून अधिक. पुढच्याच महिन्यात जिनिव्हात १८.१८ कॅरटांचा हिरा, तोही गडद तेजस्वी रंगाच्या सर्वोच्च श्रेणीतला, कॅरटी सोळा लाखांच्या आसपास थांबला. ५९.६० कॅरटांच्या ‘पिंक स्टार’ची हकीकत तर अधिक बोलकी आहे. २०१३ मध्ये त्यास ८ कोटी ३० लाखांची बोली लागली, पण बोली लावणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. २०१७ मध्ये तो विकला गेला तो ७ कोटी १२ लाखांना.

‘प्रिन्सी’चाच हिशेब मांडला, तर १९६० च्या दराने ४६,००० पौंड म्हणजे सुमारे १,२९,००० डॉलर. त्रेपन्न वर्षांत तीनशेपट हा आकडा डोळे दिपवतो. पण चक्रवाढीने तो दरसाल सुमारे ११ टक्के भरतो. त्यातून विमा, जपणूक आणि लिलावदाराची दलाली वजा करावयाची. मध्यंतरी व्याज नाही की लाभांश नाही. शिवाय हा हिशेब जगातील मोजक्या रत्नांपैकी एकाचा. फिकट रंगाचा पाव कॅरटाचा खडा घेणाऱ्यास विकतेवेळी गिऱ्हाईक शोधीत फिरावे लागते, आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतरच कित्येक वर्षांची वाढ खाऊन टाकते.

त्यात भर कृत्रिम रंगाची. प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्यावर किरणांचा मारा करून व मग तो तापवून गुलाबी छटा आणता येते. काही तपकिरी नैसर्गिक हिरेही उच्च दाबाखाली तापवून गुलाबी करता येतात. नुसत्या डोळ्यांना किंवा सराफाच्या भिंगाला हा फरक कळेलच असे नाही. म्हणून रंग मुळातलाच असल्याचा नामांकित रत्नपरीक्षण संस्थेचा दाखला सोबत नसेल, तर व्यापारी त्या खड्यास नैसर्गिक गुलाबी हिऱ्याचा भाव देत नाहीत.