प्रवासी बुद्धिबळ संगणक: थोडक्या स्मृतीतला मोठा खेळ

प्रवासी बुद्धिबळ संगणक हे बॅटरीवर चालणारे आणि बुद्धिबळापलीकडे काहीही न जाणणारे यंत्र. पट, प्रतिस्पर्धी आणि पंच या तिन्ही भूमिका ते एकटेच निभावते. १९८० आणि १९९० ही दशके या यंत्रांच्या भरभराटीची. अपुरी स्मृती, मंद प्रक्रियक आणि बॅटरीची मर्यादित ताकद एवढ्या अडचणींत त्यांच्या कर्त्यांनी जो खेळ बसवला, तो काटकसरीच्या अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहे.

या यंत्रांचा पूर्वज टेबलावरचा होता. अमेरिकेतील फिडेलिटी इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ साली ‘चेस चॅलेंजर’ बाजारात आणला. त्याचा प्रोग्राम रॉन नेल्सन यांनी लिहिला होता. चाल कळा दाबून कळवायची, उत्तर आकड्यांच्या पडद्यावर वाचायचे आणि दोन्ही बाजूंच्या सोंगट्या स्वतःच हलवायच्या, अशी त्याची रीत होती. लवकरच हाँगकाँगच्या सायसिस (पुढे साईटेक) व नोव्हॅग आणि म्युनिकची हेगेनर उंड ग्लासर या कंपन्या स्पर्धेत उतरल्या. प्रक्रियक, कायमस्वरूपी स्मृती आणि कामचलाऊ स्मृती एकाच चिपवर मिळू लागली, तिला वीजही फार कमी लागे. त्यामुळे टेबलावरचे यंत्र प्रवासाच्या पिशवीत मावू लागले.

प्रवासी यंत्रांच्या बांधणीत दोन प्रमुख प्रकार दिसतात. पहिल्यात खरा पट असतो. सोंगट्यांच्या बुडाला खुंटी किंवा चुंबक असतो, त्यामुळे गाडीच्या हिसक्यांनी डाव विस्कटत नाही. पटाखाली दाब ओळखणारा पडदा असतो. ई२ वरचे प्यादे त्या घरावर किंचित दाबून उचलायचे आणि ई४ वर दाबून ठेवायचे, की यंत्र बारीक ‘पीं’ करून चाल नोंदवते. विचार संपला की पटाच्या कडेचे दोन दिवे लागतात, एक सी या उभ्या ओळीचा आणि दुसरा ७ या आडव्या ओळीचा. त्यांच्या छेदावरचे प्यादे उचलायचे. ते कुठे ठेवायचे, हे पुढचे दोन दिवे सांगतात. अशा रीतीने ६४ घरांचे काम १६ दिव्यांत भागते.

दुसऱ्या प्रकारात सोंगट्या द्रव स्फटिकाच्या पडद्यावर उमटतात. जुन्या पडद्यांत हवे ते चित्र काढण्याची सोय नव्हती. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादे यांचे आकार प्रत्येक घरात आधीच एकमेकांवर कोरलेले असत आणि त्यांपैकी हवे तेवढेच भाग काळे होत. म्हणूनच त्या सोंगट्या कोनदार दिसतात. नोव्हॅगच्या ‘सुपर व्हीआयपी’सारख्या यंत्राने एका छोट्या पडद्यावर आणि कळांवर भागवले. बंद केल्यावरही डाव स्मृतीत ठेवणे ही प्रवाशाच्या सर्वांत उपयोगाची सोय. स्टेशन आले तर यंत्र बंद करावे आणि परतीच्या वाटेवर तोच डाव पुढे खेळावा.

खरी करामत प्रोग्राममध्ये आहे. प्रत्येक वेळी ३० चाली शक्य आहेत असे धरले, तर दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळ्यांनंतर ८,१०,००० शक्यता होतात. ‘अल्फा-बीटा’ पद्धतीत एखादी चाल वाईट असल्याचे सिद्ध झाले की तिच्या उरलेल्या फांद्या तपासल्याच जात नाहीत. चांगल्या चाली आधी तपासल्या गेल्या, तर हेच काम सुमारे १,८०० शक्यतांत उरकते. म्हणून चालींचा क्रम लावण्याचे कौशल्य निर्णायक ठरते.

स्मृतीची चणचण तर कमालीची होती. हिताची कंपनीच्या ६३०१वाय या चिपवर प्रोग्रामसाठी १६ किलोबाइट, तर चालू विचारासाठी केवळ २५६ बाइट जागा होती. प्रत्येक घराला एक बाइट दिला, तर नुसत्या पटातच ६४ बाइट खर्ची पडतात. उरलेल्या जागेत चालींच्या याद्या आणि हिशेब बसवायचे. डच प्रोग्रामर फ्रान्स मोर्श या कलेत निष्णात होते. साईटेकच्या ‘कास्पारोव्ह ट्रॅव्हल चॅम्पियन २१००’मध्ये त्यांचाच प्रोग्राम आहे. नावातला आकडा यंत्राची ताकद एलो मानांकनात सुचवतो.

अर्थात उणिवाही आहेत. ठरावीक खोलीपलीकडे यंत्राला दिसत नाही. अटळ नुकसान समोर असले, की मध्ये एखादा निरर्थक शह देऊन ते संकट नजरेआड ढकलते. डावाच्या अखेरीस, जिथे लांबचा बेत लागतो, तिथे त्याची गाडी अडते. सामान्य खेळाडूला मात्र डावपेचांत तेच भारी पडते.

पुढे हे काम मोबाइल फोनने हाती घेतले. २००९ साली ब्युनोस आयर्समधील मर्कोसुर चषक स्पर्धा ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ने एका फोनवर चालून १० पैकी ९.५ गुणांनी जिंकली.

जुनी यंत्रे आज संग्राहकांकडे आहेत. त्यांचा मुख्य शत्रू म्हणजे आत विसरलेली बॅटरी. ती पाझरली की धातूच्या पट्ट्या गंजतात, म्हणून यंत्र ठेवून देताना बॅटरी काढणे आवश्यक आहे. काळाने पडदे फिके होतात आणि पटाखालचे संपर्क कमकुवत होतात. चिपमधला प्रोग्राम मात्र दीर्घकाळ टिकतो. ‘मेम’ या प्रकल्पाने अशा अनेक यंत्रांचे मूळ प्रोग्राम वाचून ती आजच्या संगणकावर हुबेहूब चालतील अशी व्यवस्था केली आहे. त्यामुळे मूळ यंत्र बिघडले तरी त्या प्रोग्रामरांचे काम अभ्यासता येते आणि त्याच्याशी डावही मांडता येतो.