पाचवे काडतूस

आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतून भिंतीवर टांगलेली दुनळी बंदूक पुष्कळांनी पाहिली असेल. ती मधोमध मोडली की दोन्ही नळ्या मागून उघड्या पडतात. भरलेली की रिकामी, हे लहान पोरालाही दिसते. पंप बंदुकीचे तसे नाही. हे मला कळले ते एका निवडणुकीच्या वेळी.

शेजारचे एक गृहस्थ शेताच्या राखणीसाठी घेतलेली परवान्याची पंप बंदूक ठाण्यात जमा करायला निघाले होते. मी सोबतीला गेलो. त्यांनी घरीच बंदुकीच्या पोटातून चार काडतुसे काढून रुमालात बांधली होती. ठाण्यात हवालदाराने चापाजवळची कळ दाबली, मूठ मागे ओढली, आणि पाचवे काडतूस टेबलावर घरंगळत आले. काही वेळ कोणीच बोलेना.

मी पडलो गाणे शिकवणारा. पण ते पाचवे कोठे दडले होते, हे समजून घेतल्यावाचून मला चैन पडेना.

या बंदुकीला वरखाली दोन नळ्या असतात. वरची छर्रे सुटण्याची. खालची म्हणजे कोठार. कोठारात काडतुसे एकामागे एक बसतात आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. डाव्या हातातली मूठ या खालच्या नळीवर पुढेमागे सरकते आणि पट्ट्यांनी आतल्या बोल्टला जोडलेली असते. बोल्ट म्हणजे वरच्या नळीचे मागचे दार. बार उडेपर्यंत ते अडसर घातल्यासारखे बंद राहते.

बार झाला की मूठ मागे ओढायची. अडसर निघतो, बोल्टची नखी रिकामे काडतूस ओढून बाहेर फेकते, आतला घोडा चढतो आणि कोठारातले एक काडतूस मागे येते. मूठ पुढे ढकलली की एक पाळणा त्याला वर उचलतो, बोल्ट ते नळीत बसवतो आणि दार पुन्हा बंद. चित्रपटात ऐकू येणारी ‘खटक्‌-खटक्‌’ ती हीच. हात अर्ध्यावर थांबला, तर काडतूस मध्येच अडकते.

म्हणजे कोठार रिकामे केले, तरी नळीत आधीच चढलेले काडतूस तेथेच राहते. आमच्या शेजाऱ्यांचे पाचवे ते हेच.

ही युक्ती अमेरिकेत रुजली. ख्रिस्तोफर स्पेन्सर यांची बंदूक 1882 ची. पुढे जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली विंचेस्टर 1897 साली आली आणि फार गाजली. तिच्यात एक धोका होता: चाप दाबूनच धरला, तर मूठ पुढे जाताक्षणी बार उडे. 1950 च्या रेमिंग्टन 870 मध्ये प्रत्येक बाराला चाप सोडून पुन्हा दाबावाच लागतो. परंतु नळीत राहिलेल्या काडतुसावर कोणत्याही कारखान्याचा इलाज चालत नाही. तेथे मूठ मागे ओढून, नळीत आणि कोठारात दोन्हीकडे डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे, एवढाच उपाय.

तबला शिकणाऱ्या मुलांना मी रोज सांगतो, खालीसुद्धा मोजावी लागते. त्या दिवसापासून सांगताना माझा आवाज थोडा चढतो.