प्रिंटर जोडायलाही पासवर्ड?

फेब्रुवारी २०१२. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना मुलीचा शाळेतून फोन आला. शाळेचा प्रिंटर तिच्या लॅपटॉपला जोडता येईना. ओपनसुसे ही लिनक्स प्रणाली अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागत होती. टाइमझोन बदलणे आणि नवे वायफाय जोडणे यांसाठी पासवर्ड मागण्यावरून टोरवाल्ड्स यांनी त्याआधी कित्येक आठवडे वाद घातला होता. आता मात्र त्यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला.

तो रास्तच होता.

या अडवणुकीचे मूळ जुने आहे. एकच मोठा संगणक अनेकजण वापरत, त्या काळात लिनक्सची पूर्वसुरी युनिक्स घडली. एकाने घड्याळ बदलले की सगळ्यांचे काम बिघडे, म्हणून साऱ्या किल्ल्या ‘रूट’ या एकाच अ‍ॅडमिन खात्याकडे. घरच्या लॅपटॉपला तोच नियम लावणे म्हणजे आपल्याच खोलीतला दिवा लावायला सोसायटीच्या सचिवाची सही आणण्यासारखे!

तोड निघाली पोलकिट या यंत्रणेतून. ती सरसकट अधिकार देत नाही. प्रत्येक कृती वेगळी तपासते आणि माणूस यंत्रासमोर बसला आहे की दुरून जोडला आहे, हेही पाहते. २०१२मध्येही ती होतीच. चुकत होते ते तिच्यावर बसवलेले नियम.

फ्लॅटपॅक या अ‍ॅप बसवण्याच्या पद्धतीमुळे आता एखादे अ‍ॅप फक्त स्वतःच्या खात्यापुरतेही बसवता येते. आणि ग्नोम डेस्कटॉपवर यादीतला मराठी कळफलक निवडायचा असेल, तर सेटिंग्जमधल्या ‘कीबोर्ड’मध्ये जा, त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही.