दोन विद्युत्घटांचें घर

सातारच्या आमच्या एका स्नेह्यांनीं नुकतीच एक प्रवासी गाडी घेऊन तिचें फिरतें घर करविलें. आंत निजावयाच्या दोन फळ्या, लहानसें शीतकपाट, पंखा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सर्व कांहीं यथास्थित. गाडी वाड्याच्या अंगणांत उभी असते आणि ओसरीवरील बटनापासून एक जाड तार नेऊन तिला घरची वीज जोडलेली असते. ‘आतां महिनाभर उभी राहिली तरी बॅटरीची काळजी नाहीं,’ असें ते मोठ्या समाधानानें आम्हांस म्हणाले. ‘कोणत्या बॅटरीची?’ असें आम्हीं विचारलें. ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. गाडींत बॅटऱ्या दोन आहेत हें त्यांस ठाऊक होतें. परंतु ओसरीवरची वीज त्यांपैकीं एकीसच पोंचते, हें त्यांस गाडी बांधून देणारानें सांगितलें नव्हतें. आम्हांसही तें कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हांस तें सांगलीस, २०२१ सालच्या पुराच्या रात्रीं समजलें.

आमचे थोरले बंधू सांगलीच्या गांवभागांत राहतात. घर जुनें, माणसें तेरा, आणि कृष्णा हांकेच्या अंतरावर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. तेथें धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, एवढ्यावरून त्या पुराची कल्पना यावी. आमच्या काकूंचें कमरेचें हाड मोडलेलें. त्यांस बसतें करितां येत नसे. त्या वेळीं त्यांस खाटेसकट होडींत घालून बाहेर न्यावें लागलें. तो प्रसंग पाहून धाकट्या पुतण्यानें मनाशीं कांहीं ठरविलें आणि पुढच्या वर्षीं एक जुनी प्रवासी गाडी घेऊन तिचें फिरतें घर बनविलें. मागचें दार उघडलें कीं काकूंची फळी थेट आंत सरकावी, अशी त्यानें योजना केली होती. घरांतील मंडळी हौसेनें पंढरपूर, नरसोबाची वाडी असे बेत करीत असत. परंतु गाडीचें खरें प्रयोजन सर्वांस ठाऊक होतें.

२०२१ च्या एप्रिलपासून टाळेबंदीमुळें गाडी फारशी हललीच नाहीं, आणि जूनच्या मध्यानंतर तर मुळींच नाहीं. घरच्या विजेची तार मात्र सदैव लावलेली. संध्याकाळीं मुलें चालकाच्या जागीं बसून रेडिओ लावीत आणि गाडी चालविण्याचा खेळ खेळत. पंखा फिरे, दिवे लागत, शीतकपाटांतील पाणी गार असे. भिंतीवरच्या लहान फलकावर हिरवा दिवा दिसे. याहून अधिक काय पाहावयाचें?

सांगलीकर मनुष्य आपल्या गांवचा पाऊस पाहत नाहीं, तो महाबळेश्वर व कोयना येथील पाऊस पाहतो. सातारा जिल्ह्यांत पडतें तें सांगलीस चढतें. २२ जुलैपासून महाबळेश्वरीं जो पाऊस कोसळला तो चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर भरला. टाळेबंदी शिथिल झाल्यावर आम्ही काकूंस भेटावयास म्हणून सांगलीस गेलों होतों व पावसामुळें तेथेंच अडकलों होतों. २३ तारखेच्या रात्रीं साडेनवाच्या सुमारास बंधूंनीं सांगितलें, ‘आतां थांबण्यांत अर्थ नाहीं.’ बेत असा होता कीं, काकूंस विश्रामबागेंत एका आप्तांकडे पोंचवावयाचें, आणि गाडी परत येईपर्यंत उरलेल्यांनीं जड सामान जिन्यापाशीं आणून ठेवावयाचें, म्हणजे पुतण्यांनीं तें माडीवर चढवावें. आळींतील वीज दुपारींच गेली होती. गाडींत मात्र लख्ख उजेड होता. काकूंस आंत निजविलें, पंखा लावला, पुतण्यानें किल्ली फिरविली. ‘कट्’ असा एक आवाज झाला. पुन्हां फिरविली, पुन्हां ‘कट्’.

त्या एका आवाजानें आम्हां तेरा माणसांची कशी अवस्था झाली, तें लिहून कळणार नाहीं. दिवे लागतात, पंखा फिरतो, आणि इंजिन मात्र हूं कीं चूं करीत नाहीं! ओळखीच्या मेस्त्रीस दूरध्वनि केला, तो स्वतःचेंच घर हलवीत होता. शेजाऱ्यांच्या मोटारी केव्हांच निघून गेल्या होत्या. चिखलांत तेवढी अवजड गाडी ढकलावी तरी कोणीं? अखेर पुतण्याच्या ध्यानांत आलें कीं, दिवे लागतात त्या अर्थीं आंतील बॅटरी भरलेली आहे. त्यानें आसनाखालची पेटी उघडली, नटबोल्ट सोडविले, दोघांनीं मिळून ती जड बॅटरी उचलून इंजिनापाशीं आणिली आणि जाड तारांनीं तिचें धन अग्र धनास व ऋण अग्र गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलें. दहा मिनिटें तसेंच राहूं दिलें. मग किल्ली फिरवितांच इंजिन सुरू झालें. या सर्व खटपटींत सव्वा तास गेला.

काकू सुखरूप पोंचल्या. पण गाडी परत आली तेव्हां गल्लींत गुडघाभर पाणी होतें व पुढें कोणास जाऊं देत नव्हते. मागें राहिलेल्या आम्हां मंडळींसही हातांतलें सामान टाकून निघावें लागलें. माजघरांतील शिसवी पेटी खालींच राहिली. तींत आमच्या आजोबांच्या हातच्या पोथ्या होत्या, कांहीं ज्योतिषाच्या, कांहीं वैद्यकाच्या, आणि समासांत त्यांनीं स्वतः लिहिलेल्या टिपा. पुढें पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हां पानांचा एकच लगदा झालेला होता. तीसेक पानें काय तीं सुटीं करितां आलीं. त्या रात्रीं विश्रामबागेंत काकूंनीं आम्हांस विचारलें, ‘पोथ्या वर ठेवल्यात ना रे?’ आम्हीं ‘हो’ म्हटलें. काकू पुढें दोन वर्षें होत्या. त्यांस आम्हीं खरें कधीं सांगितलें नाहीं.

आतां या घोटाळ्याचें कारण. मोटारींतील मूळची बॅटरी इंजिन चालू करण्यापुरतीच असते. शिशाच्या पुष्कळशा पातळ प्लेटी गंधकाम्लांत बुडविलेल्या, म्हणून ती दोन-चार सेकंद शेंकडों अँपिअर प्रवाह देऊं शकते. परंतु हळूहळू रिकामी होणें तिला सोसत नाहीं. फिरत्या घरांत दिवे, पंखा, शीतकपाट यांसाठीं दुसरी, जाड प्लेटींची बॅटरी बसवितात. आपल्या घरांतील इन्व्हर्टरची बॅटरी असते, तिचीच ही बहीण. एकीची भूक दुसरीवर पडूं नये म्हणून दोघींचीं मंडलें मुद्दाम वेगळीं ठेवितात, आणि तें योग्यच आहे. गाडी रस्त्यावर धांवत असतां इंजिनाबरोबर फिरणारा आल्टर्नेटर दोघींसही भरतो. गाडी उभी करून घरची वीज लाविली कीं आंतील चार्जर केवळ घरगुती बॅटरीस भरतो. इंजिनाच्या बॅटरीकडे पुष्कळ गाड्यांत एकही तार गेलेली नसते. पुतण्यानें हें समजावून सांगितलें तेव्हां वहिनी म्हणाल्या, ‘म्हणजे माजघरांत पंगती उठल्या आणि दारचा गडी उपाशीच राहिला म्हणा!’ याहून नेमकें वर्णन आम्हांस तरी करितां येणार नाहीं.

घरच्या विजेवर उभ्या गाडीची ही पद्धति मूळ जहाजांची. गोदींत लागलेलें जहाज आपलें इंजिन बंद करून किनाऱ्यावरून वीज घेतें, तोच प्रकार फिरत्या घरांनीं उचलला. शिशाची बॅटरी प्लान्ते नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं केली, आणि विजेनें मोटार चालू करण्याची युक्ति १९१२ मध्यें अमेरिकेंत कॅडिलॅक मोटारींत आली. तत्पूर्वीं हँडल मारावें लागे. आमच्या लहानपणीं अॅम्बॅसडर मोटारीसही हँडल असे, व बॅटरी रुसली तरी मनगटाच्या जोरावर निभावून नेतां येई. हल्लींच्या गाड्यांत ती सोय उरलेली नाहीं.

उभ्या गाडींतील बॅटरी उतरते कशी, हाही प्रश्न पुष्कळांस पडतो. घड्याळ, चोरघंटा, कुलपांचें यंत्र, इंजिनाच्या यंत्रणेची स्मृति, हीं सर्व रात्रंदिवस थोडीथोडी वीज खात असतात. पुतण्यानें पुढें मोजून पाहिलें तों हा प्रवाह ६० मिलिअँपिअर भरला. दिवसाचे सुमारें १.४ अँपिअर-तास झाले. छत्तीस दिवसांचे बावन्न. बॅटरी ७५ अँपिअर-तासांची, तीही तीन वर्षांची जुनी. शिवाय मुलांचा रेडिओ इंजिनाच्याच बॅटरीवर चालत होता. आणि कोणतीही बॅटरी नुसती ठेविली तरी महिन्याकाठीं आपोआप कांहीं अंशीं उतरते, उन्हाळ्यांत अधिक. असें उतरलेल्या स्थितींत पडून राहिल्यानें प्लेटींवर पांढरा क्षार घट्ट बसतो, व मग ती पुन्हां पूर्वीसारखी भरत नाहीं.

तेव्हां मापून पाहण्याची संवय लावावी. गाडी निदान चार-पांच तास स्वस्थ राहिल्यावर, चार्जरही बंद असतां, साधा मल्टिमीटर दोन अग्रांस लावावा. १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. त्या रात्रीं पुतण्यानें मापलें तेव्हां ११.८ होते. आठवड्यांतून एकदां पांच मिनिटें इंजिन चालू करण्याचा उपाय पुष्कळ घरीं करितात. तो फसवा आहे. आठवड्याचे दहा अँपिअर-तास भरून निघावयास पाऊण-एक तासाची खरी धांव हवी.

उपायांपैकीं आम्हांस सर्वांत पसंत तो सर्वांत साधा. गाडींत घरची वीज येते त्याच ठिकाणीं दुसरा एक लहान, दोन ते पांच अँपिअरचा, बॅटरी भरल्यावर आपोआप १३.५ व्होल्टच्या आसपास स्थिरावणारा चार्जर कायमचा बसवावा व त्याची तार इंजिनाच्या बॅटरीस, अग्रालगत फ्यूज घालून, जोडावी. खरेदी करतांना एवढें विचारावें कीं, वीज जाऊन परत आली तर तो स्वतः होऊन पुन्हां सुरू होतो काय. कांहीं स्वस्त चार्जरांचें बटन पुन्हां दाबावें लागतें. आपल्याकडे पावसाळ्यांत वीज किती वेळां जाते हें सांगणें नको.

दुसरा मार्ग दोन्ही बॅटऱ्यांमध्यें रिले घालण्याचा. एकीचा दाब सुमारें १३.३ व्होल्टच्या वर गेला, म्हणजे ती भरली जात आहे असें ओळखून, हा रिले दोघींस जोडतो, व दाब उतरला कीं तोडतो. मात्र तो दोन्ही बाजूंनीं काम करणारा असावा. पुष्कळ गाड्यांत असतो तो केवळ इंजिनाकडून घराकडे पाहणारा असतो. हल्लीं घरगुती बॅटरी लिथियमची घेण्याकडे कल आहे. तिचा दाब नुसत्या विश्रांतींतही १३.३ च्या आसपास असतो, त्यामुळें असला रिले फसून दोघींस जोडूनच ठेवील. तेथें प्रवाहावर नियंत्रण ठेवणारें निराळें यंत्र लागतें. सूर्याच्या तक्त्याचा उपायही चांगला. पण साताऱ्याच्या आषाढ-श्रावणांत, तेंही छपराखालीं, त्याचा भरंवसा आम्ही धरणार नाहीं. गाडी कित्येक महिने लागणारच नसेल तर ऋण अग्र सोडवून ठेवावें.

चार्जर लावतांना बॅटरींतून ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून ती जागा कोंदट नसावी व जवळ निरांजन-उदबत्ती नसावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट भूयोजनाची, म्हणजे अर्थिंगची. गाडी लोखंडी, अंगण ओलें, आणि तार २३० व्होल्टची. अर्थिंग बिघडलेलें असेल तर गाडीचा सारा सांगाडाच विजेचा होतो, आणि मुलें त्यासच हात लावून चढतात. परवानाधारक वीजतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावें व ३० मिलिअँपिअरवर तुटणारा संरक्षक खटका बसवावा. तार जाड असावी आणि वेटोळें करून ठेवूं नये. वेटोळ्यांत ती तापते.

फिरतें घर नसेल तरी हें प्रकरण परकें नाहीं. मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास, आणि त्याची मोटार वाड्याच्या दारांत झांकून ठेवलेली, असें दृश्य आपल्या घराघरांत आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा किती मोटारी जागच्या हलल्या नाहींत, हें आपण पाहिलेंच. त्यांसही तोच लहान चार्जर पुरतो.

सातारच्या स्नेह्यांच्या गाडीशीं आम्ही त्याच दिवशीं मीटर घेऊन गेलों. घरगुती बॅटरी १३.६ दाखवीत होती, इंजिनाची १२.१. त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं चार्जर आणविला. परवां त्यांचा नातू आमच्या घरीं निरोप घेऊन आला, ‘आजोबांनीं सांगितलंय, रात्रभर चार्जर काढून ठेवला होता, आणि सकाळीं मीटर १२.७ आहे. पुढच्या रविवारीं वाईला जायचं, तुम्हीं यायचंय.’