हौशी मोटारवाल्याचें पहिलें वेल्डिंग यंत्र

मोटार जुनी झाली म्हणजे प्रथम तिचें इंजिन थकतें, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबई, ठाणें, रत्नागिरी अशा दमट हवेच्या ठिकाणीं तो पुष्कळदां खोटा ठरतो. तेथें इंजिन चालूंच असतें आणि पायाखालचा पत्रा मात्र नाहींसा होऊं लागतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत तयार झालेली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें ओळखली गेलेली फियाट हें याचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण होय. तिचें उत्पादन थांबून वीसांहून अधिक वर्षें लोटलीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सीहि मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तरीहि वडिलांच्या वेळची गाडी म्हणून, किंवा निव्वळ हौस म्हणून, ती जतन करणारीं कुटुंबें आहेत. अशा गाडींतील पायाखालचा गालिचा उचलावा आणि खालीं रस्ता दिसावा, असा प्रसंग त्यांच्यापैकीं अनेकांवर येतो. आणि मग घरांतील एखाद्या तरुणास वाटूं लागतें कीं, हें ठिगळ आपणच कां लावूं नये?

विचार वाईट नाहीं. विद्युत्-चापाच्या उष्णतेनें धातु सांधण्याची युक्ति निकोलाय बेनार्दोस यानें रशियांत १८८० नंतरच्या दशकांत बसविली, तेव्हां त्या कामास विद्युत्घटांची रांगच्या रांग लागे. आज तेंच काम करणारी पेटी एका हातानें उचलतां येते आणि मध्यम वर्गाच्या कुटुंबास परवडते. अडचण एवढीच कीं, या पेट्या अनेक जातींच्या आहेत आणि त्यांतील सर्वांत स्वस्त पेटी या कामास सर्वांत गैरसोयीची आहे.

दुकानांत शिरल्यावर नवशिका बहुधा एकच प्रश्न करतो : “किती अँपिअरचें?” दुकानदारहि पेटीवरचा मोठा आंकडा दाखवितो, आणि २०० हा आंकडा १०० हून मोठा असल्यामुळें व्यवहार तेथेंच ठरतो. परंतु मोटारीचा पत्रा सांधणाऱ्यानें विचारावयाचा प्रश्न याच्या अगदीं उलट आहे. यंत्र वर किती चढतें यापेक्षां तें खालीं किती उतरतें, आणि तेथें स्थिर राहतें कीं नाहीं, हें त्यानें पाहावें. मोटारीच्या अंगाचा पत्रा साधारणतः पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. गंजानें खाल्लेल्या जागीं त्याहूनहि पातळ. एक मिलिमीटर पोलादास सुमारें ४० अँपिअर, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे ३० ते ६० अँपिअर एवढ्या पट्ट्यांतच या हौसेचें बहुतेक काम आटोपतें.

त्या मोठ्या आंकड्याचीहि थोडी चौकशी केलेली बरी. लेप दिलेला रॉड २०० अँपिअरांवर जाळावयाचा तर चापापाशीं सुमारें २८ व्होल्ट लागतात. म्हणजे ५,६०० वॉट झाले, आणि यंत्रांत वायां जाणारी शक्ति निराळी. घरांतील १६ अँपिअरांचा मोठा सॉकेट २३० व्होल्टांवर ३,६८० वॉटांपलीकडे देऊं शकत नाहीं. तेव्हां पेटीवर छापलेले २०० अँपिअर घरांत केव्हांहि मिळावयाचे नाहींत. मिळेल तो फ्यूज उडाल्याचा आवाज. शेजारचा फ्लॅट त्याच तारेवर असेल तर शेजाऱ्यांचाहि. उलट तारेच्या यंत्रावर ८० अँपिअरांचा चाप चालवावयास १८ व्होल्टांच्या आसपास, म्हणजे दीड हजार वॉटांच्या आंत भागतें, आणि तेवढें ओझें धड वायरिंग असलेलें कोणतेंहि घर सहज सोसतें. त्या आंकड्याशेजारीं ‘ड्यूटी सायकल’ म्हणून एक टक्केवारी असते. ती २० टक्के असेल तर त्या प्रवाहावर दहा मिनिटांपैकीं दोन मिनिटें काम आणि आठ मिनिटें विश्रांति, असा तिचा अर्थ. पत्र्याच्या कामांत क्षणभर टाका मारून थांबावयाचें असतें, म्हणून ही टक्केवारी कमी असली तरी हौशी मनुष्याचें फारसें अडत नाहीं.

आतां जातींविषयीं. कारागीर ज्यास ‘साधी वेल्डिंग’ म्हणतात तें रॉडचें यंत्र सर्वांत स्वस्त. खिडकीची जाळी, फाटक, लोखंडी मांडणी, किंवा जीपसारख्या गाडीची जाड चॅसी यांसाठीं त्याच्यासारखें सुटसुटीत यंत्र नाहीं. हौस जीपच्या चॅसीचीच असेल तर दुसरें कांहीं पाहूंहि नये. पण अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर लागतात. दोन मिलिमीटरचा रॉड याहून कमी प्रवाहावर चालतो, आणि मुरलेला हात त्यानें पत्राहि सांधून दाखवितो. नवशिक्याचें मात्र असें होतें कीं, प्रथम रॉड पत्र्यास चिकटतो, मग पत्र्यास भोंक पडतें. तें भरावयास जावें तों भोंक रुपयाएवढें होतें, आणि सायंकाळपर्यंत मूळ गंजापेक्षां दुरुस्तीचेंच क्षेत्रफळ अधिक भरतें.

पत्र्याच्या कामाचें खरें यंत्र तें तारेचें. यंत्रांतील रिळावरून बारीक तार नळींतून पिस्तुलासारख्या गनमध्यें येते. खटका दाबतांच ती पुढें सरकते आणि वितळून सांध्यांत उतरते. इंग्रजींत त्यास मिग म्हणतात आणि आपल्या गॅरेजांत ‘सीओटू’. हें दुसरें नांव त्यांत वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूवरून पडलें. वितळलेल्या पोलादास हवेंतील प्राणवायु व नायट्रोजन लागूं नयेत म्हणून त्यावर या वायूचें पांघरूण घालावें लागतें. हेंच यंत्र वायूवांचूनहि चालतें. तेव्हां पोकळ तारेच्या पोटांत भरलेली भुकटी तें पांघरूण पुरविते. दुकानदार याची फार भलामण करतात, कारण सिलिंडरचा खर्च वांचतो. मोकळ्या अंगणांत, वाऱ्यावर, ही तार उपयोगी पडते यांत शंका नाहीं. पण ती ठिणग्या पुष्कळ उडविते, सांध्यावर मळी ठेवते आणि पातळ पत्र्यावर सहज भोंक पाडते. ०.६ मिलिमीटरची भरीव तार आणि वर वायु, या जोडीची सर तिला नाहीं.

म्हणून मध्यम मार्ग असा कीं, दोन्ही रीतींनीं चालणारें लहान तारेचें यंत्र घ्यावें. मात्र त्यांत धन व ऋण टोकांची अदलाबदल करण्याची सोय आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें, कारण भरीव तारेस गन धन टोकावर लागते आणि वायूवांचून चालणाऱ्या भुकटीच्या तारेस बहुधा ऋण टोकावर. पैसे जमतील तेव्हां सिलिंडर आणावा. १० लिटरच्या नळकांड्यांत १५० बार दाबानें भरलेला आर्गन व कार्बन डायऑक्साइडचा मिश्र वायु मोकळा केला तर सुमारें १,५०० लिटर होतो. मिनिटास १० लिटर धरले तरी अडीच तास प्रत्यक्ष चाप चालेल, आणि क्षणाक्षणाच्या टाक्यांत अडीच तास म्हणजे कित्येक रविवार. काम चालूं असतां छताचा पंखा बंद ठेवावा, नाहीं तर विकत घेतलेलें पांघरूण खिडकीवाटे निघून जातें.

टिग, म्हणजे कारागिरांची ‘आर्गन वेल्डिंग’, फार सुंदर काम करते. पण ती दोन्ही हातांची आणि बहुधा पायाचीहि कला आहे. पहिल्या यंत्रासाठीं तिचा विचार सोडून द्यावा.

यंत्रावरच सर्व रक्कम खर्चून वर काळा चष्मा घालून बसणें हा मात्र वेडेपणा होय. चापाच्या अतिनील किरणांनीं डोळ्यांच्या पृष्ठभागास इजा होते. ती त्या वेळीं कळत नाहीं, मध्यरात्रीं डोळ्यांत वाळू भरल्यासारखी जाणवते. चाप पेटतांच आपोआप काळें होणारें शिरस्त्राण, चामड्याचे हातमोजे आणि अंगभर सुती कपडे हीं यंत्राच्या किंमतींतच धरावीं. खिडकींतून डोकावणाऱ्या मुलांस अगोदर दूर करावें. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घांसल्यावांचून सांधूं नये. त्याच्या धुरानें ताप येतो. ब्रेक साफ करण्याच्या कांहीं द्रवांत क्लोरीनचीं संयुगें असतात आणि चापाच्या उष्णतेंत व किरणांत त्यांतून फॉस्जीन हा विषारी वायु निघतो. बॅटरीच्या तारा सोडवाव्या, गालिचे व गाद्या बाहेर काढाव्या, आणि पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकीच उतरवून दूर न्यावी. तळाला फांसलेलें डांबर उशिरानें धुमसतें, म्हणून शेवटच्या टाक्यानंतर निदान अर्धा तास गाडीपाशीं बसावें. जवळ अग्निशामक असावा, हें सांगावयास नकोच.

प्रत्यक्ष सांधतांना घाई नडते. पत्र्यावर एकसारखी रेघ ओढीत गेल्यास उष्णतेनें तो पापडासारखा उठतो. एक टाका येथें, दुसरा समोरच्या कडेस, मग थांबून थंड होऊं देणें, अशा क्रमानें टाके भरत आणावे. गंजाच्या कडेला टाका धरत नाहीं, तेव्हां निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावें. ठिगळ कल्पनेपेक्षां नेहमी मोठें होतें.

पद्मिनीविषयीं आणखी एक गोष्ट आहे. जीपला निराळी चॅसी असते. या गाडीला ती नाहीं, तिचें अंगच तिचा सांगाडा आहे. दारांखालचे उंबरठे आणि मागील कमानींच्या जागा भार वाहतात. पायाखालच्या पत्र्याचें ठिगळ हौशी हातानें लावावें; उंबरठा मात्र नवशिक्यानें कापूं नये, कारण आधार दिल्याशिवाय तो कापला तर दारें परत बसत नाहींत आणि अपघातांत तो सांधा कसा वागेल याची शाश्वति कोणी देऊं शकत नाहीं. तें काम अनुभवी कारागिराकडे न्यावें आणि शेजारीं उभें राहून पाहावें.

खरेदीच्या दिवशीं एक मिलिमीटर पत्र्याचे दोन तुकडे घांसून खिशांत न्यावे आणि दुकानदारास ते समोर सांधून दाखवावयास सांगावें. यंत्र सर्वांत खालच्या प्रवाहावर लावलें असतां चाप फडफडतो कीं शांत, सारखा सळसळत राहतो, तें कान देऊन ऐकावें. मग तुकडा उलटून पाहावा. मागें टाक्याचा लहानसा फुगवटा उतरला असेल तर सांधा आरपार बसला. मागची बाजू कोरी असेल तर तो नुसता वर चिकटला आहे. भोंक पडलें असेल तर दुसरें यंत्र काढावयास सांगावें.