घरच्या शाळेत वेताळालाही जागा हवी

दुपारची वेळ. बारा वर्षांचा मुलगा झोपाळ्यावर पालथा पडून जादूगारांच्या शाळेची जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचतो आहे. शेजारी गणिताची वही तशीच मिटलेली. मुलगा शाळेत जात नाही, घरीच शिकतो. आईला प्रश्न पडतो, ‘हाही अभ्यासच म्हणायचा का?’ वडिलांचे मत ठाम, ‘पऱ्या-राक्षसांनी कुणाचे पोट भरले आहे?’ आजीची खंत मात्र निराळीच, ‘बोलतो मराठी, पण मराठीचे एक अक्षर वाचता येत नाही!’

मुलांना घरी शिकवणाऱ्या कुठल्याही घरात असे चित्र दिसू शकेल. पण हे घर तमिळनाडूतल्या कुंभकोणमचे आहे अशी कल्पना केली, तर आजीच्या खंतीला वेगळेच वजन येते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला स्थापलेली मराठी गादी १८५५ पर्यंत टिकली. त्या काळात कावेरीकाठी वसलेल्या मराठी घराण्यांचे वंशज या भागात आजही आहेत. घरात तंजावरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि पुस्तकांत बहुधा इंग्रजी, असा त्यांच्या मुलांचा दिनक्रम. शाळेत मराठी नाही आणि घरीही कोणी वाचायला शिकवले नाही, तर भाषा फक्त कानावर राहते. मग मुलाला मराठी अक्षरांची ओढ लावायची कशी? त्याच्या आवडीच्या अद्भुत कथाच इथे उपयोगी पडू शकतात.

राजाने निवडलेले पुस्तक

हा विचार काही नवा नाही. कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. त्यांचे स्वतःचे शिक्षण नेहमीच्या पाठशाळेत न होता ख्रिश्चन श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते. पुढे त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले. त्यात होत्या इसापच्या बोलक्या प्राण्यांच्या गोष्टी! वैद्यकापासून संगीतापर्यंत अनेक विषयांत रस असणाऱ्या या राजाला कोल्ह्या-सिंहाच्या गोष्टी पोरकट वाटल्या नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गोष्ट विचार करायला लावते का?

मग पुस्तके निवडायची कशी? याचे उत्तर आपल्या ओळखीच्या वेताळाकडे आहे. वेताळ विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहावे, तर डोक्याची शकले होणार. बोलावे, तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार. म्हणजे ऐकणाऱ्याची सुटका नाही, त्याला निवाडा करावाच लागतो. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलासाठी अशीच पुस्तके हवीत. चमत्कार किती मोठा आहे, याला महत्त्व नाही. गोष्ट संपल्यावर ‘तू असतास तर काय केले असतेस?’ हा प्रश्न उरला पाहिजे.

पुस्तक मुलाच्या हाती देण्यापूर्वी आईवडिलांनी ते स्वतः वाचावे आणि चार गोष्टी पाहाव्यात. जादूला काही नियम आहेत का? कांडी फिरवली की सगळे सुटते, अशा कथेत विचाराला वाव राहत नाही. नायकाला वरदानाची किंमत मोजावी लागते का? राजकन्या स्वतः काही करते, की केवळ बक्षीस म्हणून उभी असते? आणि राक्षस दर वेळी काळा, सुंदरी दर वेळी गोरीच का? शेवटच्या दोन प्रश्नांवर जुनी पुस्तके अनेकदा नापास होतील. म्हणून ती टाकून देऊ नयेत. मुलाबरोबर वाचून त्यावर बोलावे, तोही अभ्यासच आहे.

वर्षाची आखणी

पहिले तीन महिने गावाच्या गोष्टीला द्यावेत. कुंभकोणमची जन्मकथाच अद्भुत आहे. प्रलयात ब्रह्मदेवाचा अमृतकुंभ वाहत आला, शिवाने किराताच्या वेषात बाण मारून तो फोडला, अमृत सांडले आणि हे क्षेत्र झाले, अशी आख्यायिका. आदिकुंभेश्वराचे देऊळ आणि दर बारा वर्षांनी महामहम भरणारे तळे मुलाच्या रोजच्या वाटेवर आहे. गेले महामहम २०१६ मध्ये झाले. आजीने ही गोष्ट मराठीत सांगावी, मुलाने ती देवनागरीत लिहून काढावी. पहिल्या दिवशी चारच ओळी झाल्या तरी चालेल. पुढे मनू आणि मत्स्याच्या प्रलयकथेशी तिची तुलना करता येईल.

दुसरे तीन महिने वेताळपंचविशी आणि पंचतंत्राचे. इथे एक युक्ती कामी येते. मद्रासहून १९४७ मध्ये सुरू झालेले मुलांचे मासिक तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ नावाने निघे, तर मराठीत ‘चांदोबा’ नावाने. आता ते बंद झाले आहे, पण जुने अंक मिळाल्यास विक्रम-वेताळाची गोष्ट आधी तमिळमध्ये वाचावी. कथा ठाऊक झाली की मराठी वाचताना मुलगा अडखळला तरी कंटाळत नाही.

तिसऱ्या टप्प्यात सलग कादंबरी घ्यावी. नाथमाधवांची ‘वीरधवल’ मोठ्यांनी रोज थोडी वाचून दाखवावी. जोडीला जयंत नारळीकरांची एखादी विज्ञानकथा द्यावी. कल्पना दोन्हींत आहे. मग एकीला अद्भुत आणि दुसरीला विज्ञानकथा का म्हणायचे, हे मुलालाच शोधू द्यावे. शेवटच्या टप्प्यात त्याची लाडकी जादूगारांची शाळा येऊ द्यावी. हॅरी पॉटर मराठीतही आलेला आहे. एकच प्रकरण दोन्ही भाषांत वाचून कुठला शब्द कुठे अधिक शोभतो, हे पाहण्यात मोठी मौज आहे.

तोलही हवा

वडिलांची काळजी अगदीच अनाठायी नाही. कुंभकोणमातच लहानाचे मोठे झालेले गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन एका पुस्तकाच्या आधारे स्वतःच गणित शिकत गेले. पण त्या नादात बाकीचे विषय मागे पडले आणि इथल्या कॉलेजातली त्यांची शिष्यवृत्ती गेली. घरी शिकणाऱ्या मुलाला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देता येते. तिथे उतारा समजणे, सारांश आणि पत्र लिहिणे यांना मोल आहे. तेव्हा वेताळाच्या गोष्टीचा सारांश दहा ओळींत लिहून घ्यावा, राजाच्या वतीने वेताळाला पत्र लिहायला सांगावे. गणिताची वेळ मात्र गणितालाच द्यावी.

परीक्षेचे गुण किती मिळतील ते तेव्हा कळेल. तोवर एखाद्या संध्याकाळी नातू मराठी पुस्तक घेऊन आजीजवळ येईल, अडखळत गोष्ट वाचून दाखवील आणि शेवटी विचारील, ‘सांग आजी, चूक कुणाची?’ आजी उत्तर देईल, तो वाद घालील. त्या दिवशी घरची शाळा बरी चालली आहे असे वडिलांनीही खुशाल समजावे.